पकडता येईल असे भाकीत

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की अमेरिकी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर येत्या वर्षाच्या ‘धाडसी भाकितांना’ ऊत येतो, आणि त्यांच्या मागोमाग गेल्या वर्षीच्या फसलेल्या भाकितांची टिंगलही सुरू होते. २०२६च्या उंबरठ्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये मी हे लिहीत असताना, तेच चालले आहे. कोणी म्हणतो की ट्रम्प नोव्हेंबरमधल्या मध्यावधी निवडणुका (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या, अमेरिकी संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या निवडणुका) होऊच देणार नाहीत, कोणी रिपब्लिकन पक्षाच्या फुटीची ग्वाही देतो, कोणाला यादवी युद्ध दिसते, तर कोणाला डेमोक्रॅटिक पक्षाचा कायमचा अस्त. यांची थट्टा करणारे दुसऱ्या टोकाला जाऊन सांगतात की राजकारणात भाकीत करणे हाच मुळात वेडेपणा आहे. २०१६ साली सगळे हिलरी क्लिंटन यांचा विजय धरून बसले होते आणि ट्रम्प जिंकले, ते आठवा आणि गप्प बसा. माझ्या मते हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढला जात आहे. भाकीत चुकण्यात काहीच गैर नाही. ते चुकले की खरे ठरले याचा निवाडाच करता येऊ नये अशा बेताने ते मांडणे, हा खरा अपराध आहे. जो तारीख सांगतो, मोजमाप सांगतो, आपली खात्री किती आहे हे आकड्यात सांगतो आणि काय घडले तर आपण हरलो हेही आधीच लिहून ठेवतो, त्याचे भाकीत कितीही नीरस असले तरी धाडसी म्हणावे लागेल. उरलेला सगळा नुसता आवाज आहे.

महाराष्ट्राला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडू नये. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८च्या सुमारास फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तिचे मोल तिच्या निष्कर्षाइतकेच तिच्या रचनेतही होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या गेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच विचारले गेले. बरोबर उत्तर म्हणजे काय हे आधी ठरले होते, त्यामुळे नंतर ‘आम्हाला तसे म्हणायचे नव्हते’ या पळवाटेला जागाच उरली नाही. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरे सत्तावीस जणांनीच पाठवली, आणि त्यांचे यश सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवणाऱ्यालाही तेवढे जमले असते. ज्यांनी कुंडल्या मागवूनही उत्तरे पाठवली नाहीत, ते मला अमेरिकी वाहिन्यांवरच्या पंडितांचे सर्वात जवळचे नातेवाईक वाटतात. भाकीत सांगायला ते एका पायावर तयार असतात, फक्त उत्तरपत्रिका तपासायला देत नाहीत.

अशी तपासणी अमेरिकेत झालेलीच नाही, असे मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी १९८०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांकडून ८२ हजारांहून अधिक भाकिते आकड्यांसह लिहून घेतली आणि काळ उलटल्यावर ती पडताळली. एकूण कामगिरी यथातथाच निघाली. पण त्याहून बोचरा निष्कर्ष असा की एकाच मोठ्या सिद्धान्ताने जगाचा उलगडा करणारे, वाहिन्यांवर अधिक झळकणारे तज्ज्ञ हे इकडून तिकडून पुरावे गोळा करत सावधपणे मत बनवणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा चुकत होते. यात नवल ते काय? वाहिनीला निवाडा नको असतो, ठसका हवा असतो, आणि ‘साठ टक्के शक्यता आहे’ या वाक्यात ठसका नाही. पण आकडा टाळण्याची किंमत किती असते, हे १९५१ साली सीआयएच्या शर्मन केंट यांनी पाहिले होते. सोव्हिएत गट त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यांच्या मंडळाने एकमताने लिहिले. कोणीतरी विचारले, म्हणजे नेमकी किती? केंट यांनी सहकाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा एकाच अहवालावर सह्या करणाऱ्या या माणसांच्या मनातले आकडे वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. एकमत झाले होते ते शब्दावर.

आता विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद घेऊ. तो असा की सावध, आकडेवाला भविष्यवेत्ता भूतकाळाच्या सरासरीवर जगतो आणि नेमक्या वळणावर आंधळा ठरतो. इतिहास बदलतो तेव्हा तो बदल धाडसी माणसालाच दिसतो. हे खोटे नाही. सरत्या वर्षानेच त्याचे दाखले दिले आहेत. फेब्रुवारी २०२५ मधल्या एका मतचाचणीत न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी जोहरान ममदानी यांना एक टक्का पाठिंबा होता. ४ नोव्हेंबरला ते निवडून आले. अमेरिकी माणूस पोप होणे नाही, हे रोमचे जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले. सट्ट्याच्या संकेतस्थळांवर रॉबर्ट प्रिव्होस्ट यांच्या नावाला एखाद-दुसऱ्या टक्क्याचाच भाव होता, आणि ८ मे रोजी तेच लिओ चौदावे म्हणून सज्जात आले. सांस्कृतिक प्रश्नांत तर हे अधिकच खरे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये अकरा राज्यांनी एकाच दिवशी समलिंगी विवाहाविरुद्ध कौल दिला; त्या रात्री कोणी म्हटले असते की अकरा वर्षांच्या आत हा विवाह देशभर घटनात्मक हक्क ठरेल, तर त्याला स्वप्नाळू म्हटले गेले असते. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका तोच निकाल दिला.

तरीही या दाखल्यांवरून जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. ममदानी जिंकतील असे फेब्रुवारीत म्हणणारे काही थोडे होतेच. पण त्याच आवेशाने, त्याच थोड्यांनी किंवा त्यांच्यासारख्या इतरांनी आणखी किती उमेदवारांच्या विजयाची ग्वाही दिली होती? ती नावे आज कोणाला आठवत नाहीत. नेम चुकलेल्या बाणांची मोजदाद कोणी ठेवत नाही, म्हणून लागलेला प्रत्येक बाण दिव्यदृष्टीचा वाटतो. शिवाय एक टक्का शक्यता असलेली गोष्ट घडली म्हणजे एक टक्का हा अंदाज चुकीचा होता असे सिद्ध होत नाही. अशा शंभर गोष्टींपैकी एखादी घडायचीच. वीस घडल्या, तर मात्र अंदाज करणाऱ्याचे काही तरी चुकते आहे हे मान्य करावे लागेल. म्हणून वळण आधी दिसल्याचा दावा करणाऱ्याला त्याची संपूर्ण वही मागितली पाहिजे, तिच्यातले एक पान पाहून भागणार नाही.

‘आकडा ही तर लपण्याची जागा आहे,’ हा दुसरा आक्षेप. सत्तर टक्के म्हणणारा कधीच चुकत नाही. झाले तर ‘म्हटले होते’, न झाले तर ‘तीस टक्के होतेच की’. २०१६ मध्ये निवडणुकांचे आकडेवार अंदाज मांडणारे नेट सिल्व्हर यांनी हिलरी क्लिंटन यांना सुमारे ७१ टक्के दिले होते, आणि निकालानंतर त्यांच्यावर हाच आरोप झाला. एका भाकितापुरता तो आरोप योग्यही आहे. पण आकड्याची गंमत अशी की तो साठत जातो. ज्या-ज्या गोष्टींना तुम्ही सत्तर म्हणालात, त्या शंभरात सत्तरच्या आसपास घडल्या का, हे मोजता येते. ‘दाट शक्यता’, ‘नाकारता येत नाही’, ‘वारे फिरत आहे’ या शब्दांचे असे काही मोजता येत नाही. त्या निवडणुकीतले माझे आवडते पात्र मात्र सिल्व्हर नव्हेत. ते मतचाचण्यांवरून अंदाज मांडणारे प्रिन्स्टनचे प्राध्यापक सॅम वांग. त्यांनी क्लिंटन यांच्या विजयाची खात्री ९९ टक्क्यांवर नेली होती आणि वर असेही जाहीर केले होते की ट्रम्प यांना इलेक्टोरल कॉलेजची (म्हणजे अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची) २४० हून अधिक मते पडली तर आपण किडा खाऊ. ट्रम्प यांना ३०४ मिळाली, आणि वांग यांनी सीएनएनवर थेट प्रक्षेपणात रातकिडा खाल्ला. लोक हसले. त्या साऱ्या मोसमात आपल्या पराभवाची अट आकड्यासकट आधी लिहून ठेवणारे आणि ती पाळणारे इतके कमी लोक होते, की हसण्याआधी त्यांना नमस्कार करायला हवा होता.

याच्या उलट उदाहरण अध्यक्षीय निवडणुकांची भाकिते करणारे प्राध्यापक अ‍ॅलन लिक्टमन यांचे. त्यांच्या ‘तेरा किल्ल्या’ १९८१ साली व्लादिमीर कैलिस-बोरोक या भूकंपांचे भाकीत करू पाहणाऱ्या रशियन शास्त्रज्ञाच्या साथीने घडल्या, आणि पद्धत म्हणून ती प्रामाणिक आहे: तेरापैकी सहा विधाने सत्तारूढ पक्षाच्या विरोधात गेली की तो पक्ष हरणार. अडचण आली ती ‘हरणे’ म्हणजे काय या प्रश्नाशी. २००० साली त्यांनी विजयी ठरवलेले अल गोर अध्यक्ष झाले नाहीत, पण त्यांना देशभरात अधिक मते पडली म्हणून भाकीत खरे; २०१६ साली क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते अधिक पडूनही ट्रम्प अध्यक्ष झाले म्हणून भाकीत पुन्हा खरे. मधल्या काळात आपण निकष बदलला होता, असे लिक्टमन सांगतात. टीकाकारांना ते पटलेले नाही. २०२४ मध्ये त्यांनी कमला हॅरिस यांचे नाव घेतले आणि तेव्हा मात्र कोणताच निकष मदतीला आला नाही. पद्धत चांगली असली तरी कसोटीची व्याख्या निकालानंतर वादात राहिली, तर ती पद्धत हळूहळू कुंडलीच्या वाटेला लागते.

आणि हे सगळे निव्वळ वर्षअखेरची करमणूक आहे, त्याला इतके गांभीर्याने काय घ्यायचे, असे म्हणणाऱ्यांना २८ ऑक्टोबर २०१६ची आठवण करून दिली पाहिजे. त्या दिवशी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी क्लिंटन यांच्या ई-मेल चौकशीबाबत काँग्रेसला पत्र पाठवले. क्लिंटन जिंकणारच या सर्वत्र पसरलेल्या समजाचा आपल्या निर्णयावर परिणाम झाला असावा, हे त्यांनी २०१८ मध्ये स्वतः कबूल केले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी फिरलेल्या निवडणुकीत त्या पत्राचा वाटा किती, यावर वाद चालूच राहील. पण सर्वांनी ठरलेलेच मानलेला निकाल हा निकाल लागण्याआधीच माणसांच्या वागण्यात शिरतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते. आपल्याकडच्या कुटुंबांनी याची चव सप्टेंबर २०२५ मध्ये घेतली. एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा होताच, जुन्या व्हिसाधारकांनाही परत शिरताना ते भरावे लागेल, असे छातीठोकपणे सांगितले गेले. भारतात सुटीवर आलेल्या अनेकांनी मिळेल त्या भावाने तिकिटे काढून परतीची धाव घेतली. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने स्पष्ट केले की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. तो गोंधळ प्रशासनाने ओढवला हे खरेच. पण ज्यांनी आपल्या अंदाजाला खात्रीचा साज चढवला, त्यांच्यापैकी कोणाकडे तिकिटाचे पैसे मागायचे?

अमेरिकी राजकारणातली सर्वात महागडी भाकिते मात्र एका विशिष्ट घराण्यातली आहेत: ‘आता कायमचे’ या घराण्यातली. २००४ मध्ये बुश पुन्हा निवडून आले, तेव्हा रिपब्लिकनांच्या दीर्घकालीन बहुमताची चर्चा झाली. दोनच वर्षांत त्यांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली. २००९ मध्ये डेमोक्रॅटांचे धुरंधर जेम्स कार्व्हिल यांनी पुढची चाळीस वर्षे आपल्या पक्षाची असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा घालवल्या. लोकसंख्येची घडण बदलते आहे, लॅटिनो मतदार वाढत आहेत, म्हणून डेमोक्रॅटांचे बहुमत अटळ आहे, हा विचार तर दोन दशके शास्त्रासारखा मानला गेला. २०२४ मध्ये टेक्सासच्या सीमेवरची, जवळजवळ संपूर्ण लॅटिनो वस्तीची स्टार काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) शंभरहून अधिक वर्षांनंतर रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. आणि आता त्याच निकालाच्या आधारे, डेमोक्रॅट संपले, ‘वोक’ (वंश-लिंगभेदाविरुद्ध जागरूकतेची) संस्कृती गाडली गेली, देशाचे मन कायमचे उजवीकडे वळले, असे सांगणारे पुढे आले. वर्ष सरायच्या आत व्हर्जिनियात अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल या डेमोक्रॅट उमेदवारांनी गव्हर्नरपदे सहज जिंकली. जिंकलेल्या निवडणुकीच्या रात्री रेघ पुढे ओढत नेण्याचा मोह त्या देशातल्या दोन्ही पक्षांना सारखाच होतो.

इतके बोलल्यावर स्वतःची वही उघडी करणे भाग आहे. ट्रम्प निवडणुका होऊच देणार नाहीत, हे भाकीत मी जवळजवळ शून्यावर ठेवतो. काँग्रेसच्या निवडणुकीचा दिवस कायद्याने ठरलेला आहे, ती राज्ये आणि त्यांखालच्या काउंट्या घेतात, आणि १८६४ मध्ये खऱ्याखुऱ्या यादवीच्या ऐन भरातही या देशाने मतदान पुढे ढकलले नव्हते. ३ नोव्हेंबर २०२६ रोजी देशभर मतदान होईल, ९९ टक्के. मोजणीवरून, टपाली मतांवरून आणि केंद्रीय दलांच्या वावरावरून कज्जे होतील, हे वेगळे, आणि भीती बाळगायची तर त्याची बाळगावी. यादवीच्या भाकिताला तर आधी व्याख्या द्यावी लागेल. राजकीय हिंसा वाढली आहे हे कोण नाकारेल? मिनेसोटात जूनमध्ये आमदार मेलिसा हॉर्टमन यांची, युटात सप्टेंबरमध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची हत्या झाली. पण संघटित सशस्त्र गटांच्या लढाईत वर्षभरात हजार माणसे मरणे, ही अभ्यासकांची रूढ कसोटी लावली, तर मी एक टक्काही देणार नाही. दोन खून झाले की यादवी सुरू झाली म्हणणारे आणि ती झाली नाही तर ‘ती आतल्या आत चालू आहे’ म्हणणारे, यांच्याशी वाद घालता येत नाही.

प्रतिनिधीगृहाबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल, कारण इथे इतिहास भरपूर बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर २०२२ पर्यंत वीस मध्यावधी निवडणुका झाल्या. त्यांपैकी अठरांमध्ये अध्यक्षांच्या पक्षाने या गृहात जागा गमावल्या. अपवाद दोनच: १९९८, जेव्हा बिल क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाचा खटाटोप रिपब्लिकनांवरच उलटला, आणि २००२, जेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची सावली ताजी होती. दोन्ही वेळा अध्यक्षांची लोकप्रियता साठ टक्क्यांच्या वर होती. ट्रम्प यांची २०२५च्या अखेरीस चाळीसच्या आसपास किंवा त्याखाली होती. २०२४ मध्ये रिपब्लिकनांना मिळालेल्या जागा २२०, बहुमत २१८ चे. म्हणजे डेमोक्रॅटांना तीन जागा पुरतात. याविरुद्धचा गंभीर मुद्दा मतदारसंघांच्या फेररचनेचा आहे. टेक्सासने पाच जागांच्या आशेने नकाशा बदलला, मिसुरी आणि नॉर्थ कॅरोलायना त्याच वाटेने गेले, आणि लुइझियानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून मताचा हक्क डावलण्यास मनाई करणाऱ्या मतदान हक्क कायद्याची धार बोथट केली, तर दक्षिणेत आणखी नकाशे बदलतील. पण कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये उलट दिशेचा नकाशा मंजूर केला, आणि इंडियानात तर असे घडले की ज्याचे भाकीत एकाही धाडसी पंडिताच्या यादीत मी पाहिले नव्हते: ट्रम्प यांचा दबाव असतानाही रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटने ११ डिसेंबरला नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. म्हणून डेमोक्रॅटांना बहुमत, ८० टक्के. सिनेटचे चित्र निराळे आहे. तिथे त्यांना चार जागांची भर हवी. मेन आणि नॉर्थ कॅरोलायना जिंकूनही ओहायो, टेक्सास, आयोवा यांसारख्या ट्रम्पधार्जिण्या राज्यांतून आणखी दोन काढाव्या लागतील, शिवाय जॉर्जिया आणि मिशिगन राखावे लागतील. ३० टक्के, त्याहून अधिक नाही.

संस्कृतीच्या क्षेत्रात मोजमाप अवघड, म्हणून तिथे भाकीतही तोकडेच करावे. जून-जुलैमध्ये फुटबॉलचा विश्वचषक अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात होतो आहे. ‘आता अमेरिका फुटबॉलचा देश होणार’ हे १९९४ मध्येही म्हटले गेले होते, आणि त्या स्पर्धेच्या एकूण प्रेक्षकसंख्येचा विक्रम २०२५ पर्यंत टिकूनही ते घडले नाही. (सौरभ नेत्रावळकर या मुंबईकर गोलंदाजाने २०२४ मध्ये सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला रोखले, तेव्हा अमेरिका क्रिकेटवेडी होणार, अशी स्वप्ने आपल्याकडेही रंगली होती.) १९ जुलैला न्यू जर्सीत होणाऱ्या अंतिम सामन्याचे अमेरिकेतले दूरचित्रवाणी प्रेक्षक त्या वर्षीच्या सुपर बोलच्या (अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या) निम्म्यापर्यंतही पोचणार नाहीत, ९० टक्के, अमेरिकेचा संघच अंतिम फेरीत गेला तर मी हा आकडा मागे घेईन, पण तशी वेळ येईल असे वाटत नाही.

उरला आयातशुल्काचा प्रश्न, जो आपल्याला थेट भिडतो. ट्रम्प यांनी १९७७च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली लादलेल्या शुल्कांवर सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला युक्तिवाद झाला, आणि न्यायमूर्तींचे प्रश्न पाहता ती शुल्के रद्द होतील, याला मी ७० टक्के देतो. पण त्यावरून शुल्कयुग संपेल असे जे लिहीत आहेत, त्यांनी व्यापारविषयक इतर कायदे चाळलेले दिसत नाहीत. अध्यक्षांच्या हाती किमान तीन कलमे शिल्लक आहेत, आणि वर्षअखेरीस कोणत्या ना कोणत्या कलमाखाली व्यापक शुल्क चालूच असेल, ९० टक्के. सर्वात अवघड भारताचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ आणि मग रशियन तेलाच्या निमित्ताने आणखी २५, असे पन्नास टक्के शुल्क भारतीय मालावर बसले. मुंबईच्या सीप्झमधल्या जडजवाहिर निर्यातदारांपासून अनेकांची वर्षाची गणिते त्यावर अडली. ३१ डिसेंबर २०२६ रोजी भारतीय मालावरचे सरसकट शुल्क २५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, याला मी ६५ टक्के देतो. हा आकडा याहून वर न्यायला माझ्याकडे आधार नाही: इथे वीस निवडणुकांचा इतिहास हाताशी नाही, न्यायालयाच्या निकालाची तारीख माहीत नाही, आणि उरलेला निर्णय ज्या एका माणसाच्या हाती आहे, त्याने गेल्या वर्षभरात याच विषयावर आपले म्हणणे किती वेळा बदलले ते सर्वांनी पाहिले आहे.